लाईन हाय

पालमच्या स्टँडसमोर वीरुपाक्षनं फोनचं दुकान टाकलं तेव्हा त्यात विकायला काहीच नव्हतं, आणि याचाच त्याला लय अभिमान. "माल न्हाई, काटा न्हाई, उंदीर न्हाई," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. "मान्सं येत्यात, बोलत्यात, जात्यात. निस्ता लाईनवरचा धंदा!" त्याआधी त्यानं गंगाखेडला सासऱ्याच्या दुकानात गूळ जोखला होता. झोपेतसुद्धा अंगाला मुंग्या लागायच्या.

सुरुवातीचे महिने झकास गेले. पुण्या-मुंबईला, हैदराबादला गेलेल्या आपापल्या माणसांशी पालमकरांनी वर्षानुवर्षं साचलेलं सगळं बोलून घेतलं. कुणाची म्हैस व्याली, कोण वारलं, कुणाचं लग्न मोडलं. आणि मग बोलायचं संपलं. शिकलेले लोक याला मंदी म्हणतात, तक्ते काढून दाखवतात. खड्ड्यात गेले तक्ते! माणसाजवळ बोलायला काही उरलं नाही तर फोन काय स्वतःशी बोलणार?

तशात वीरुपाक्षचं बघून गावात आणखी चौघांनी फोन घेतले. एकानं फोनशेजारी बांगड्या मांडल्या. एकाच्या फोनच्या काचेच्या खोलीत कोंबडी अंड्यांवर बसली. दार लावलं की ऊब टिकते म्हणाला, आणि तिला उठवीना. आम्ही विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीतली माणसं वीरुपाक्षची नेमाची गिऱ्हाइकं होतो, पण आमचं बोलणं ते केवढं? औरंगाबादला लावायचं. "नामांतर?" "अजून न्हाई." ठेव. सरकारनं पंधरा वर्षं घोळ घातला, त्यात या बिचाऱ्याचाही धंदा बसला.

शेवटी सासऱ्याचा, सांबप्पांचा, कंडक्टरबरोबर निरोप आला: सोमवारी येतो, दुकान रिकामं दिसलं तर जावई आणि लेक दोघांनाही घेऊन जातो. गूळ वाट बघतोय.

"मरंन, पर गूळ जोखणार न्हाई," वीरुपाक्ष म्हणाला.

त्याची बायको चन्नबसम्मा भाकरी थापत होती. "मरायच्या आधी गिऱ्हाईक तर आणा," ती म्हणाली.

गिऱ्हाईक यायचं कसं? फोनची लाईन निम्मा वेळ मेलेली. खेड्यावरून चालत आलेला माणूस शिव्या देऊन परत जायचा. म्हणून सोमवारी सकाळी फोन सुरू आहे असं बघून वीरुपाक्षनं एक पत्रा रंगवला आणि दारावर टांगला: "लाईन हाय".

आता आमच्याकडं लाईन म्हणजे वीज. लाईन गेली म्हणजे अंधार पडला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. वीरुपाक्षच्या डोक्यात मात्र फोन बसलेला. आणि दुकानाच्या भिंतीला भिंत लागून किशनरावांची पिठाची गिरणी.

बायनाबाई नुकतीच साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली होती. दिसेल ते वाचायची. तिनं रस्त्यातच थांबून अक्षर अक्षर लावलं, "ला-ई-न… हाय!" आणि हाळी दिली. घटकाभरात वीरुपाक्षच्या छपराच्या सावलीत डबे घेऊन बायांची रांग लागली. गिरणी आता सुरू होईल, मग सुरू होईल.

सांबप्पा गाडीतून उतरले आणि बघतच राहिले.

"शरणार्थ, मामा," वीरुपाक्ष म्हणाला.

"शरणार्थ. ही गर्दी कसली?"

"नंबर लागल्यात, मामा," वीरुपाक्षनं सांगितलं. खोटं काय होतं त्यात?

सांबप्पा रांगेजवळ गेले. "बाई, तुमचा नंबर कुठं लावायचा हाय?"

"लावलाय की," बायनाबाई म्हणाली. "मनकर्णाच्या मागं."

"आन काय काम काढलंय?"

"दळायचंय."

"इतका वेळ? डबा घेऊन?"

"पायलीभर हाय बाबा. आन मला बारीक लागतंय."

सांबप्पा आत आले. "जावाई, माझी मती गुंग झाली. निस्तं दळण दळायला बाया भाकरी बांधून येत्यात! आमच्याकडं फुकटात दळत्यात."

वीरुपाक्षनं चहा मागवला. चन्नबसम्मा तोंडात पदर कोंबून मागच्या दारी पळाली.

दुपार झाली, तरी वीज नाही, गिरणी मुकीच. बायनाबाईचं डोकं तापलं. तिनं पत्रा उपटला आणि वीरुपाक्षच्या टेबलावर आपटला. "हाय म्हनून लिवलंस, आन गिरणी बंद? आमी नवंनवं वाचायला लागलो तर खोटं लिवतूस व्हय रं मुडद्या?"

"मावशी, फोनची लाईन म्हनलं मी…"

"फोन काय पीठ पाडतोय?"

सांबप्पांनी बायांकडं पाहिलं, डब्यांकडं पाहिलं आणि चहाची कपबशी खाली ठेवली. "पोरी, कपडे बांध."

वीरुपाक्षच्या डोळ्यांसमोर गूळच गूळ दिसायला लागला. त्यानं झटक्यात फोन उचलला आणि वीजवाल्यांच्या सबस्टेशनला लावला. "साहेब, पालमची लाईन कवा?… तीन वाजता? थांबा, हितं सांगा."

त्यानं रिसीव्हर बायनाबाईच्या कानाला लावला. पलीकडं वीजवाला साहेब खरोखरचा बोलत होता. बायनाबाईनं दम घेतला.

"काय रं, तूच का त्यो? भर सैपाकाच्या वक्ताला बटन दाबणारा?"

तिनं त्याच्या आईपासून सुरुवात केली. मोटार पाणी ओढेना ते सांगितलं, अंधारात भाकरी करपली ते सांगितलं, आणि फोनचे पैसे कनवटीतून काढून टेबलावर टाकले. लगेच मनकर्णा पुढं सरकली. "हो बाजूला. मलाबी त्येला इचारायचंय." तिच्यामागं कस्तुराबाई. बांगड्यावाल्याच्या दुकानातून दोघं पळत आले, आपल्या फोनवरून का करत नाहीत म्हणून मालक ओरडत राहिला. साहेबानं फोन आपटला की वीरुपाक्ष परत लावायचा. तीनला वीज आली, गिरणी धडधडायला लागली, तरी रांग हलेना.

सांबप्पाही रांगेत उभे राहिले होते. नंबर आला तसं त्यांनी फोन घेऊन काचेच्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. काचेतून नुसते हात दिसत होते. बाहेर आले ते घामानं निथळत.

"लय हलकं वाटलं," ते म्हणाले. "तुमी हितंच ऱ्हावा, जावाई. पर उद्या हाच साहेब ड्यूटीवर हाय का, तेवढं इचारून ठिवा."