मोरीखाली उभे राहणारे सदूभाऊ

सदूभाऊ गेल्याची बातमी आमच्याकडे सर्व्हिस मोटरच्या ड्रायव्हरने आणली. रत्नागिरीहून मालगुंडाकडे जाताना त्याने आमच्या वळणावर गाडी थांबवली, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे ओव्हरसियर गेले. काल जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत." मी घरात येऊन आईला सांगितलं. ती फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. हातातली आठळी परातीत टाकून ती म्हणाली, "आता पावसात मोरी बघायला कोण येणार?" एखाद्याच्या मरणाची बातमी ऐकून कुणी असं विचारतं का, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण सदूभाऊंना ओळखणाऱ्या कुणालाही पहिल्यांदा हेच सुचलं असतं. ते का, हे सांगायलाच आज बसलो आहे.

सदूभाऊ साताऱ्याकडचे. आमच्या भागातला रस्ता बांधायला घाट उतरून आले तेव्हा त्यांना आमची माती ठाऊक नव्हती आणि आमचा पाऊस तर मुळीच नव्हता. रस्ता कातळाच्या कडेने यायचा होता आणि त्याच्या खाली आमचा भाताचा मळा. वरच्या सड्याचं, म्हणजे उघड्या कातळमाळाचं, सगळं पाणी रस्त्याखालून पलीकडे काढायला नकाशात एक दगडी मोरी आखली होती, आणि तिचं तोंड नेमकं आमच्या मळ्यावर रोखलेलं. तोंडाशी पसाभर दगड बसवायचे, म्हणजे माती धुपणार नाही, असंही त्यात लिहिलं होतं. कुठल्या तरी कोरड्या मुलखात ते पुरत असेल. आमच्याकडे आषाढात सड्यावरून जे पाणी येतं ते मळ्याची माती एका पावसात खरवडून खालचा जांभा उघडा पाडतं. वडील आधीच वारलेले, आणि घरातल्या सगळ्यांचं वर्षाचं भात त्या एका मळ्यावर. आईची झोप उडाली होती.

रस्त्यावर उभ्या असलेल्या कोटवाल्या माणसाला आईने खालूनच हाक मारली, "अहो साहेब, तिथून काय दिसतं तुम्हाला? खाली या." मला वाटलं, आता बाचाबाची होणार. पण सदूभाऊंनी जोडे हातात घेतले, धोतर खोचलं आणि करवंदीच्या जाळीतून ओरबाडून घेत खाली उतरले. मळ्यात उभं राहून वर बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "पाणी कुठून येतं?" "आभाळातून," आई म्हणाली. सदूभाऊ इतके हसले की टोपी पडली. मग आईने हात करून करून त्यांना सगळा उतार दाखवला, कुठून लोंढा येतो, कुठे आपटतो, पलीकडचा पऱ्या, म्हणजे ओढा, कुठून वाहतो, सगळं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं. पटलं मात्र म्हणाले नाहीत. "बाई, तुमचं म्हणणं कळलं. पण बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

बघणार कसं? दिवस वैशाखाचे, मोरी अर्धी बांधलेली. सदूभाऊंनी मोरीत ओतून बघायला पाणी मागितलं. विहिरीचा तळ दिसायला लागला होता. आई म्हणाली, "आमच्या घशाला कोरड आणि मोरीला आंघोळ?" त्यावर सदूभाऊ ओशाळले, पण हार मानणाऱ्यातले नव्हते. आमच्या पडवीत असोल्या, सालासकटच्या नारळांचा ढीग होता, तिकडे बघत म्हणाले, "मग हे द्या. जिकडे हे गडगडतील, तिकडे पाणी जाईल." झालं. कंत्राटदार हुसेनमियां, त्यांचे गवंडी, मी, आम्ही सगळे टोपल्या घेऊन रस्त्यावर. वरून नारळ सोडायचे आणि खाली सदूभाऊ हात पसरून उभे. पहिला नारळ मोरीतून सुटला तो त्यांच्या पायांमधून थेट मळ्याच्या मधोमध. दुसराही तिथेच. तिसरा त्यांच्या नडगीवर बसला. आई बांधावरून म्हणाली, "आता बघितलंत?" नडगी चोळत ते म्हणाले, "बघितलं, आणि लागलंही."

मग सुरू झाला खटाटोप. मोरीचं तोंड पऱ्याकडे वळवायचं, तोंडाखाली काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, म्हणजे पाण्याचा जोर पायरीपायरीवर मोडेल, आणि तळाशी दगडांचा पसरट बिछाना. गवंड्यांनी दगड नुसते मांडायचे, आम्ही नारळ सोडायचे, दगड सरकवायचे, पुन्हा नारळ. गाव कामंधामं टाकून बघायला जमायचा. शेवटी नारळ आपसूक वळून पऱ्यात जायला लागले आणि हुसेनमियांनी हात झाडले. "साहेब, मांडणी झकास. पण नकाशात हे नाही. वरून कागद येऊ द्या, मग चुना लावतो." कागद मागवलेला होता. तो काही येईना. पश्चिमेला ढग जमायला लागले, गडी भातपेरणीची घाई करायला लागले, तरी येईना. मुदत टळली तर मोरी नकाशाप्रमाणेच पुरी करायची, असा हुकूम होता. आई नुसती मळ्याच्या बांधावर जाऊन बसायची.

त्या सकाळी सदूभाऊ आले, रस्त्यावर थांबलेच नाहीत. सरळ मळ्यात उतरले, पाणी जिथे पडणार तिथे उभे राहिले आणि वर बघून म्हणाले, "मियां, कागद येवो न येवो, माझ्या सहीने मंजूर. चुना कालवा." हुसेनमियां कठड्यावरून वाकून म्हणाले, "आणि वाहून गेलं तर?" "तर पहिला मी जाईन. मी इथंच उभा असणार." हुसेनमियांना ती थट्टा वाटली. मलाही वाटली.

ती थट्टा नव्हती. आषाढात एके दिवशी पावसाने असा जोर धरला की मी शाळेतल्या मुलांना लवकर घरी सोडलं आणि मळ्याकडे धावलो. बघतो तो सदूभाऊ कुणाचं तरी इरलं डोक्यावर घेऊन लावणी झालेल्या मळ्याच्या कडेला गुडघाभर चिखलात उभे. वर मोरीतून तांबडं पाणी धडाडत येत होतं. पायऱ्यांवर फुटत होतं, बिछान्यावर पसरत होतं आणि वळून पऱ्यात जात होतं. मळ्यातली रोपं जागच्या जागी होती. आई ओरडत होती, "वर या हो, दुखणं काढाल." ते म्हणाले, "एक सर अजून." अशा किती सरी त्यांनी बघितल्या कोण जाणे. संध्याकाळी आमच्या चुलीपाशी कुडकुडत बसले तेव्हा तोंडावर जो आनंद होता, तसा मी लग्नाच्या वरातीतल्या नवरदेवाच्याही तोंडावर पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातला एक हललेला दगड मात्र आठवणीने नीट बसवून घेतला.

भात कापणीला आलं तेव्हा मोठे साहेब आले. सदूभाऊंनी त्यांनाही खाली उतरवलं. साहेबांनी पिवळा मळा बघितला, मोरी बघितली, मोरीला मान्यता दिली आणि मंजुरी येण्याआधीच काम केल्याबद्दल सदूभाऊंवर सणसणीत ठपका ठेवला. बढती लांबली ती लांबलीच. मी हळहळलो, तर म्हणाले, "मास्तर, ते बरोबर आहेत. उद्या प्रत्येक ओव्हरसियर असंच करायला लागला तर? पण मळा राहिला ना?"

पुढे दर पावसाळ्यात ते येत राहिले. आई दरवेळी शहाळं पुढे करायची आणि ते दरवेळी मान हलवायचे. "माझ्या सहीखालची मोरी आहे. तिच्यामुळे ज्याचं भलं झालं त्याचं पाणी मी घेऊ नये." आईला याचा राग यायचा, आणि तिच्या रागाचं त्यांना फार हसू यायचं. नोकरी संपल्यावर ते साताऱ्याला गेले नाहीत, रत्नागिरीतच राहिले. गेल्या चैत्रात मोटरने आले, ओटीवर बसले आणि म्हणाले, "बाई, आता मी कुणाचा साहेब नाही. काढा ते शहाळं." एक प्यायले, दुसरं प्यायले, मलई बोटाने खरवडून खाल्ली. तोंड पुसत म्हणाले, "इतकी वर्षं मी काय मूर्खपणा केला हो." जाताना सांगून गेले, "पावसात येतो, पाणी बघायला." ... ती आमची शेवटची भेट.

परवा नारळी पौर्णिमेला पाऊस चांगलाच लागला होता. समुद्राचा नारळ देऊन मी घरी आलो तर आई हातात दुसरा नारळ घेऊन तयार. असोला, न सोललेला. आता तिला काठीशिवाय चालवत नाही, तरी हट्टाने रस्त्यापर्यंत गेली. मला म्हणाली, "तू खाली उभा राहा, ते राहायचे तिथे." मी चिखलात उतरलो. वरून तिने नारळ सोडला. तो मोरीच्या अंधारातून भसकन बाहेर आला, पायऱ्यांवरून धडपडत उतरला, बिछान्यावर एक गिरकी घेतली आणि पऱ्याकडे वळला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या पावसात ते कुणाला दिसणार.

वरून आईने विचारलं, "गेला का रे बरोबर?"

मी सदूभाऊंच्या जागेवरून ओरडलो, "गेला, आई. अगदी बरोबर गेला."