साबणाचे हात

अविनाशकाकांचा फोन आला तेव्हा मी ग्लासगोच्या सबवेमधून नुकतीच वर आले होते. "रोहिणी गेली गं सकाळी," ते म्हणाले, आणि मग लगेच, "ठेवू का?" "हो काका, ठेवा." दोघांनीही ठेवला नाही. लोक धक्के देत जात होते आणि मला एकदम क्लिक झालं, अरे, हे तर मावशीचंच गाणं!

रोहिणीमावशी म्हणजे आईची कॉलेजातली मैत्रीण, अविनाशकाकांची बायको. हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायची आणि उरलेल्या वेळात कंट्री गाणी लिहायची. हो, ते अमेरिकन कंट्री! गिटार, लांबच लांब रस्ते, सोडून गेलेली माणसं, ते सगळं. स्कॉटलंडमध्ये त्याचे इतके वेडे फॅन्स आहेत की आधी मला वाटलेलं, मस्करी करतायत. डोक्यावर काउबॉय हॅट, आणि बाहेर धो धो पाऊस! आणि त्यांच्या बँड्सना गाणी लिहून देणारी कोण, तर कोथरूडची, साडीवर फ्लीसचं जॅकेट घालणारी आमची मावशी. लिहायची इंग्लिशमध्ये, पण गाण्यातली माणसं आपली. एका गाण्यात ग्लासगोची बहीण आणि साताऱ्याची बहीण फोनवर नुसतं "ठेवू का?", "ठेव" करत राहतात, आणि कुणीच ठेवत नाही. बस, एवढंच गाणं! मी ते ऐकून रडले, मग आईला फोन केला, आणि आम्हीही अर्थात तेच केलं.

मी इथे नवीन असताना त्यांच्याकडेच राहायचे. शनिवारी जेवण झालं की भांडी माझ्याकडे आणि मावशी मागे टेबलापाशी, गिटार घेऊन. तिची टेस्ट एकच. गाणं ऐकता ऐकता मी नळ बंद केला तर गाणं पास, नाहीतर कागद थेट रिसायकलिंगमध्ये.

"अगं मावशी, छान होतं की!"

"छान होतं तर पाणी कशाला चालू होतं?"

एकदा तिला बरं वाटावं म्हणून मी हात विसळून, नीट नळ बंद केला. लगेच पकडलं तिने. "नाटकं करू नकोस. खरंच ऐकणारा माणूस साबणाच्या हातानेच बंद करतो."

स्वतः मात्र स्टेजवर कधी गायली नाही. "माझं तोंड बघण्यातच वेळ जाईल त्यांचा, गाणं कधी ऐकणार?" मग गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, आवाज राहील की नाही सांगता येत नाही. त्या दिवशी घरी आल्या आल्या मावशी म्हणाली, "ते बहिणींचं गाणं एकदा मी गाणार. माझ्या आवाजात."

रविवारी दुपारी, एका छोट्या क्लबमध्ये. मी फोन धरून रेकॉर्ड करतेय, आणि मावशीची नजर, शप्पथ सांगते, ऑडियन्सकडे नव्हतीच! बारमागे एक जाडजूड माणूस ग्लास धूत होता, त्याच्याकडे. पहिलं कडवं... पाणी चालू. दुसरं कडवं... चालूच. मी मनात त्याला काय काय शिव्या दिल्या! आणि मग ती साताऱ्याची बहीण म्हणते, "ठेव गं, बिल वाढेल," आणि स्वतः मात्र रिसीव्हर तसाच धरून बसते... तिथे पाणी थांबलं. मावशी इतकी खुदकन हसली की एक कॉर्ड चुकली.

"मावशी, लोक उभे राहिले!" मी नंतर अक्षरशः नाचत होते.

"ते सोड गं. साबणाचे हात होते ना त्याचे?"

"कोपरापर्यंत!"

ऑपरेशननंतर आवाज गेलाच. तरी लिहायची, माझ्या कानाशी येऊन कुजबुजत म्हणून दाखवायची. नळाचा नियम तोच.

परवा शनिवारी काकांकडे जेवले, भांडी घासायला उभी राहिले. काका टेबलापाशी, तिच्या खुर्चीत. "ते रविवारचं लाव की," म्हणाले. मी फोन खिडकीत ठेवला आणि लावलं. रेकॉर्डिंगमध्ये त्या बारवाल्याचं पाणी, इथे माझं... आणि मधून मावशी.

गाणं संपलं. किचनमध्ये एकदम शांत. मी खाली बघितलं, तर नळाला फेस लागला होता.