बास नसलेलं तळं

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी मी नॉटिंगहॅमहून बर्मिंगहॅमची ट्रेन धरली. तिथे मला न्यायला अभिजितदादा येणार होते. दादा मूळचे पुण्याचे, इथे आयटीत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "मासेमारीत आहेत." "म्हणजे फिशरीज डिपार्टमेंट? ऑफिसर?" मी नुसता हसलो. माझे बाबा भंडाऱ्याकडचे ढिवर (मासे धरून पोट भरणारा समाज). गावच्या बोडीत (लहान तलावात) जाळं टाकतात. एवढं सांगायचं राहून गेलं होतं. आज सांगायचंच, असं ठरवून मी निघालो होतो.

गाडीत बसल्यावर दादांनी एक डबा माझ्या मांडीवर ठेवला. "अमेरिकेहून ऑनलाइन मागवलेत. बास माशासाठीचे ल्यूर्स (खोटी आमिषं). आज टेस्टिंग. म्हटलं, एक्स्पर्ट बरोबर हवा."

डब्यात डोळे रंगवलेले लाकडी मासे होते आणि चमकी लावलेली जांभळी रबरी गांडुळं. आमच्याकडे गळाला खरं गांडूळ लावतात. हे जांभळं कुठला मासा खाईल, मला कळेना. मी बाबांचा विषय काढणार, तोच दादा म्हणाले, "काय वाटतं?" मी म्हणालो, "चांगलेत."

तळं म्हणजे जुन्या खडीच्या खाणीत साठलेलं पाणी. काठावर हिरव्या छत्र्यांखाली माणसं गप्प बसलेली. शेजारी कीथ नावाचे निवृत्त बसड्रायव्हर थर्मासमधला चहा पीत होते. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं.

"बास? इथे? आमचा बास समुद्रात असतो. गोड्या पाण्यातला तो अमेरिकेत. इथे मिळतात ते पाइक आणि पर्च मासे."

दादांचा चेहरा पडला. "मग हे सगळं वाया?"

"पाकिटावर काय लिहिलंय, ते पाइकला वाचता येत नाही," कीथ म्हणाले.

मी पहिल्यांदाच असली काठी हातात घेतली होती. माझा गळ पाण्याऐवजी मागच्या झाडात अडकला. "फिशरीजवाले फायलीच बघतात वाटतं," दादा म्हणाले. मी झाडावर चढून तो सोडवला.

चीज सँडविच खाऊन झाल्यावर दादांची दोरी ताणली. हातभर लांबीचा पाइक आला. लाकडी मासा त्याच्या जबड्यात रुतलेला, दात सुयांसारखे. दादा दोन पावलं मागे सरले. मी विचार न करता गुडघे टेकले, कल्ल्याच्या झाकणाखाली बोट घातलं आणि कीथच्या पक्कडीने गळ काढला.

"तू हे आधी केलंयस," कीथ म्हणाले.

मी म्हणालो, "माय फादर इज अ फिशरमन."

कीथनी माझा हात हातात घेऊन हलवला. "सो ॲम आय."

"आता मी पण," दादा म्हणाले. दोघं हसले. मीही हसलो. इथे हौसेने गळ टाकणाराही फिशरमनच; मी खरं बोललो होतो, तरी कुणाला काही कळलं नव्हतं.

मग कीथनी मासा दोन्ही हातांनी अलगद पाण्यात उतरवला आणि सोडून दिला.

"सोडला?" मी दादांना विचारलं.

"रूल आहे रे इथला."

आमच्याकडे फक्त पिल्लं सोडतात. दिवसभर बसून धरलेला मोठा मासा कुणी का सोडावा, या विचारात मी पाण्याकडे पाहत राहिलो.

परत येताना दादा खुशीत होते. "वडिलांना फोन कर. ऑफिसरसाहेबांना सांग, पाइक मिळाला."

"दादा, ते ऑफिसर नाहीत."

"मग?"

"आम्ही ढिवर. बाबा रोज पहाटे जाळं टाकतात, आई बाजारात मासे विकते. त्यावरच मी शिकलो."

राउंडअबाउटवर दादांनी चुकीचा रस्ता घेतला. रागावले की काय, मला समजेना.

"मघाशी फिशरमन म्हणालास, ते हे?"

"हो."

"आणि मी म्हणालो, मी पण." त्यांनी कपाळावर हात मारला. "वडिलांनी आज आपल्याला पाहिलं असतं तर काय म्हणाले असते?"

मी खरंच विचार केला. "विचारलं असतं, यांच्या घरी कुणी मासे खात नाही का?"

दादा इतके हसले की गाडी कडेला घ्यावी लागली.

परतीच्या ट्रेनमध्ये मी बाबांच्या कामासाठी एक इंग्रजी शब्द शोधत होतो, कीथनाही कळेल असा. नॉटिंगहॅम आलं तरी सापडला नाही. पण मराठीत ते आज तोंडून निघालं होतं, आणि तेही मला एवढी वर्षं जमलं नव्हतं.