तांबडे पडलेले देवदार

जिथे डांबरी रस्ता संपून खडीचा सुरू होतो, तिथे तिची रोपवाटिका होती. सगळे तिला रोपवालीच म्हणत. नवरा गेल्यावर पदरी एक मुलगी घेऊन तिनं ती दिराच्या मदतीनं चालवली. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा हा दीर शाळेत जात होता. त्याच्या शर्टाची बटणं लावण्यापासून त्याचं सगळं तिनंच केलं. तो इतका कमी बोलायचा की थोरल्या भावानं त्याचं नाव मुनी ठेवलं होतं. बाहेरच्यांसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, पण वहिनीशी मात्र तो ‘अगं-तुगं’ करून मनातलं सगळं बोलायचा.

रोपवाटिकेतली तिची सगळ्यात लाडकी झाडं म्हणजे जपानी देवदार. टेकडीवर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या अंगणात तिनं त्यांचं आईझाड पहिल्यांदा पाहिलं, ते भर हिवाळ्यात. नखशिखांत तांबडं, गंज चढलेल्या लोखंडासारखं. गेलं बिचारं, असं ती हळहळून म्हणाली, तेव्हा म्हातारा हसला. या जातीचा थंडीतला रंगच असा, वसंतात पुन्हा हिरवं होतं, म्हणाला. उन्हाळा सरताना ती परत गेली. सरळ वर चढणाऱ्या कोवळ्या फांद्या निवडून, खाली जुन्या लाकडाचा तुकडा, म्हणजे टाच, राहील अशा बेतानं तिनं त्या ओरबाडून घेतल्या, वाळूत खोचल्या आणि वर प्लास्टिक ताणलं. मुळं धरायला कितीतरी महिने गेले. अर्ध्याअधिक फांद्या कुजल्या. जगल्या त्या तिनं कुंड्या बदलत बदलत कमरेएवढ्या वाढवल्या. हिवाळ्यात त्या शेडमध्ये झाकलेल्या असत, आणि तिथल्या उबेत त्यांचा रंग फारसा बदलत नसे. त्यामुळे मुनीनं ही झाडं कायम हिरवीच पाहिलेली.

एका शरदात वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाई आल्या. खोल्यांच्या खिडक्यांसमोर धोबीखान्याची भकास भिंत होती, तिच्यापुढे त्यांना झाडांची रांग हवी होती. त्या देवदारांपाशी थबकल्या. पिसासारख्या मऊ पालवीवरून हात फिरवत म्हणाल्या, “आमच्याकडची माणसं दिवसभर खिडकीशी बसून असतात. त्यांना वाळकं काही दिसायला नको. हिवाळ्यातही राहतील ना ही अशीच?”

हिवाळ्यातल्या त्या तांबड्या रंगाची गोष्ट रोपवालीच्या ओठांवर आली होती. पण बाईंनी आधीच विचारून ठेवलं होतं, झाडं सांभाळायला कुणी विश्वासाचा माणूस आहे का म्हणून. आणि रोपवाटिकेत तिघांचं भागत नव्हतं. मुनीला पक्की नोकरी मिळेल, हे एवढंच तिच्या डोळ्यांसमोर होतं.

“सदाहरित झाड आहे,” ती म्हणाली. “पानं गळत नाहीत याची.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. झाडं गेली, आणि मागोमाग मुनीही कामावर गेला.

कडाक्याची थंडी पडली तसे देवदार रंग बदलू लागले. आधी शेंडे मळकट झाले, मग सगळी रांग तांबडी. मुनी संध्याकाळी घरी येऊन हातपाय न धुताच स्वयंपाकघरात उभा राहिला.

“वहिनी, झाडं करपायला लागलीत गं. काय चुकतंय माझं?”

त्याला खरं सांगितलं तर तो ते सरळ मनानं बाईंना जाऊन सांगणार, आणि मग बाई विचारणार की हे विकताना का नाही सांगितलं. तिनं वेळ मारून नेली. भाजी ढवळत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, “पाणी जरा बेतानं घालत जा.”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. पण शब्द मागे घेतला नाही. मुनी मात्र तो गाठीला बांधून गेला. पाणी जास्त झालं, झाडं आपल्या हातून मेली, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. काही दिवसांनी बाईंनी त्याला बोलावून घेतलं. खिडकीशी बसणाऱ्या एका आजींनी पडदाच ओढून घ्यायला सांगितला होता म्हणे. मुनीनं काही कारणं दिली नाहीत. चूक माझीच, असं म्हणून किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघून आला.

त्या आठवड्यात रोपवाली ताटावरून अर्ध्यातच उठायला लागली. मुलीनं विचारलं, आई, बरं नाहीये का, तर तिनं डोकं दुखतंय असं सांगितलं. समोर मुनी बसलेला असायचा, खाली मान घालून जेवणारा. एकदा तोच तिची समजूत काढायला लागला. “तू नको मनाला लावून घेऊस,” म्हणाला, “तू चांगली झाडं दिली होतीस. माझ्याच हाताला गुण नाही.” ती उठून भांडी घासायला गेली. नळ सोडून नुसतीच उभी राहिली.

आणि मग एके दुपारी ती शेडमध्ये शिरली तर मुनी वाफ्यात वाळू चाळून भरत होता. शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या देवदाराच्या फांद्या होत्या. शेडमध्ये मागे राहिलेल्या रोपांवरून त्यानं त्या तोडल्या होत्या.

“टाच कशी ठेवायची ते दाखव ना,” तो म्हणाला. “मारली तेवढी लावून देतो त्यांना. वाढायला वर्षं लागतील, लागू देत.”

त्यानं पुढे केलेली फांदी तिनं घेतली. साल आणखी सोलून निघू नये म्हणून टाचेला लोंबणारी शेपटी चाकूनं कशी नीट करायची, ते दाखवायला लागली आणि तिचे हात थांबले. मेलेली नसलेली झाडं भरून द्यायला हा माणूस गुडघे टेकून बसला होता, आणि ती त्याला ते शिकवत होती.

“ती मेलेली नाहीत रे,” ती म्हणाली. “थंडीत तांबडीच होतात ती. उन्हं तापली की हिरवी होतील.”

मुनीचा चेहरा उजळला. तिला वाटलं होतं, आता तो चिडेल. तो तर आनंदानं हसला. “जिवंत आहेत?” त्यानं दोनदा विचारलं. त्याचं ते हसणं तिला बघवेना. मग हळूहळू ते ओसरलं. हातातली वाळू त्यानं वाफ्यात सोडली.

“तुम्हाला ठाऊक होतं,” तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा तो तिला तुम्ही म्हणाला होता. ती हो म्हणाली. बाईंनी विचारलं होतं तेव्हाही ठाऊक होतं, तू विचारलंस तेव्हाही, असं सगळं तिनं सांगून टाकलं. तो उठला, कपडे झटकले आणि बाहेर गेला.

ती तशीच, मातीच्या हातांनी वृद्धाश्रमाकडे निघाली. फाटकातून शिरतानाच करवतीचा आवाज ऐकू आला. बाईंनी वाळलेली रांग काढून टाकायला माणूस लावला होता. टोकाची दोन झाडं आडवी झाली होती, नुसते बुंधे उरले होते. ती धावत जाऊन तिसऱ्याच्या पुढ्यात आडवी उभी राहिली. आवाज ऐकून बाई बाहेर आल्या. रोपवालीनं नखानं फांदीची साल खरवडून दाखवली. आत ओली हिरवी रेघ होती. मुनीचा यात काहीच दोष नाही, मीच बोलले नाही, असं तिनं त्या करवतवाल्यादेखत सांगितलं.

बाईंनी करवतवाल्याला हातानं थांबवलं. “मी तुम्हाला नेमकं हेच विचारलं होतं,” एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रोपवालीला वाटलं.

वसंतात सगळी रांग हिरवी झाली. कापलेल्या बुंध्यांनाही कडेनं धुमारे फुटले. या झाडाला जुन्या लाकडातूनही पालवी येते. पण ती झुडपांसारखी पसरली, सरळ एका खोडावर चढणं आता त्यांच्या नशिबी नव्हतं. मुनीला बाईंनी स्वतः निरोप धाडला. तो पुन्हा कामावर गेला आणि वृद्धाश्रमाच्या आवारातली खोली मिळाली तशी तिथेच राहायला लागला.

रोपवाली आता गिऱ्हाईक आलं की झाडाच्या खोडी आधी सांगते. परवा एकीला साधा मोगरा हवा होता, तर हिनं त्यावर पडणाऱ्या किडीचं इतकं रसभरीत वर्णन केलं की ती बाई रिकाम्या हातानं परत गेली. मुलगी कपाळाला हात लावते. हिला ते कळतं, पण राहवत नाही.

रविवारी मुनी जेवायला येतो. प्लास्टिक ताणून देतो, जड कुंड्या हलवतो, लाडक्या पुतणीची थट्टाही करतो. त्या दुपारच्या फांद्या त्यानं नंतर लावल्याच, आणि त्यांपैकी काहींनी मुळं धरली आहेत. त्या तो हलक्या हातानं काढून कुंड्यांत लावतो. वहिनीवर राग धरलाय असं कुणी म्हणणार नाही. निघताना दारात थांबून विचारतो, “येऊ ना? तुम्हाला काही हवंय का बाजारातून?”

ती काही नको म्हणते, आणि तो खडीच्या रस्त्यावरून वळेपर्यंत दारात उभी राहते.