तक्रारीची खुर्ची

दुकानासमोर खताची गाडी उतरत होती, तेव्हा फोन आला. माझे मोठे दीर, सारं गाव ज्यांना नामदेवभाऊ म्हणायचं, सकाळच्या बसने भंडाऱ्याला निघाले होते. कारध्याचा पूल यायच्या आधीच छातीत कळ आली. बस तशीच दवाखान्यात नेली, पण उपयोग झाला नाही. मी राहिलेली पोती आत घ्यायला लावली, शटर ओढलं आणि घरी आले. रडायला नंतर वेळ मिळेल असं वाटलं होतं. अजून मिळालेला नाही... कारण ज्या कामासाठी ते निघाले होते, ते तसंच अडून आहे. आमच्या तलावाचा पाट मध्येच गाळानं बुजलाय. टोकाच्या बांध्यांमधला, म्हणजे भातखाचरांमधला, धान निसवायला आला, तरी तिथे पाणी पोचत नाही.

भाऊ जन्मभर ग्रामसेवक होते. नोकरीत वरिष्ठांशी भांडून बदल्या ओढवून घेतल्या, निवृत्तीनंतर पाण्यासाठी मोर्चे काढले, एकदा पंचायत समितीवर निवडूनही आले. आमच्या ओसरीवर त्यांनी एक लोखंडी खुर्ची ठेवली होती. ती तक्रार घेऊन येणाऱ्याची. भाऊ स्वतः समोरच्या खांबाला टेकून उभे राहायचे. कुणी संकोचला तर म्हणायचे, "बस न बाप्पा. उभ्यानं मानूस अर्धंच सांगते." एकदा पक्षाचे मोठे पुढारी प्रचाराला आले आणि सवयीनं नेमके त्याच खुर्चीवर बसले. भाऊ शांतपणे म्हणाले, "बोला सायेब, काय तक्रार हाये तुमची?" लोक हसले, पुढारीही हसले. पुढच्या वेळी तिकीट दुसऱ्याला मिळालं. माझा नवरा चिडचिड करत होता, तेव्हा भाऊ एवढंच म्हणाले, "माहीच चूक. पाटी लावाले पायजे होती."

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर, म्हणजे मोठ्या दिरासमोर, बसत नाही. मी खताचं दुकान चालवायची, व्यापाऱ्यांशी भाव करायची, आणि घरी मात्र डोक्यावर पदर घेऊन चहाचा ट्रे उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे फिरायची. माणसं येतच राहायची, चहा उकळतच राहायचा. एका सकाळी ओसरी रिकामी झाल्यावर मी सरळ बाहेर आले आणि त्या खुर्चीवर बसले. सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. भाऊ क्षणभर गोंधळले, मग खांबाला टेकून उभे राहिले, जसे सगळ्यांसमोर राहायचे तसे.

"बोल बाई."

"तुमच्या लोकायचा चहा करू करू मले दुकानात जाले रोज उशीर होते."

"बरोबर हाये तुही तक्रार."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर स्टोव्ह आला. भाऊ स्वतः चहा करू लागले. तो इतका वाईट असायचा की शेजारचे शामराव कप हातात घेऊन म्हणायचे, "भाऊ, पानी पाटात सोडा, चहात नोको." तरी लोक यायचे आणि भाऊ तोच चहा पाजायचे. मी वेळेवर दुकानात पोचू लागले. त्यानंतर त्या खुर्चीवर बसायची मला कधी गरज पडली नाही.

तेरवी झाल्यावर नवऱ्यानं भाऊंचा फोटो त्याच खुर्चीवर ठेवला, हार घातला. लोक यायचे, हात जोडायचे, चांगलं बोलायचे आणि उभ्याउभ्याच निघून जायचे. मला ते खुपत होतं.

"फोटो भितीवर लावा न," मी म्हटलं.

"राहू दे. त्याचीच जागा हाये ते."

"त्यायची कधी होती? बसले काय ते कधी तिच्यावर?"

तरी फोटो हलला नाही. मीही तेव्हा हलवला नाही. दुकानात बसले तरी लक्ष लागेना... एकाला युरियाऐवजी दुसरंच पोतं दिलं.

परवा गिरजामावशी आल्या. त्यांची बांधी पाटाच्या अगदी टोकाला. त्यांनी फोटोला हात जोडले आणि तिथेच घुटमळल्या.

"काय झालं, मावशी?"

"आता कोनाले सांगू बाई... धान पिवळा पडून राहिला." आणि त्या जायला वळल्या.

मी फोटो उचलून कोनाड्यात ठेवला. खुर्चीवर पडलेल्या पाकळ्या हातानं झटकल्या.

"बसा."

नवरा दारात आला. "काहून बसवून राहिली त्यायले?"

"तक्रार हाये त्यायची."

मावशी खुर्चीच्या कडेवर टेकल्या, मग हळूहळू मागे सरकल्या. मी खांबाला टेकून उभी राहिले. त्या बराच वेळ बोलल्या. मध्ये कधीतरी मागे स्टोव्हचा आवाज सुरू झाला. नवऱ्यानं चहा आणून दिला. मावशींनी घोट घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भावावरच गेला तू."

काल मी सकाळच्या बसने भंडाऱ्याला जाऊन आले. पाटबंधारे खात्याचे साहेब जागेवर नव्हते. उद्या परत जायचं आहे. दुकान नवरा उघडेल. खुर्ची ओसरीवर आहे, रिकामी.