मरळीचं काळीज

दुष्काळात तळं आटत आलं की आमच्याकडे मच्छीमार सोसायटीचं शेवटचं जाळं पडतं. निघेल ते सभासदांनी वाटून घ्यायचं, आणि कुणाच्या घरी पोटुशी बाई असली तर पहिली मरळ तिची. त्या वर्षी पोटुशी मी होते, सासरे सभासद, आणि मला मासळीचेच डोहाळे लागलेले.

मी तेव्हा बीडला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. जाळं पडलं त्याच आठवड्यात खोल समुद्राचा धडा घेतला होता. तळाच्या भेगांतून उकळतं पाणी येतं, त्यात तांबं, शिसं, पारा. तिथले शिंपले मरत नाहीत. ते विष कल्ल्यांत आणि पोटातल्या ग्रंथीत साठवतात आणि खुशाल जगतात. मुलांना मजा वाटली. मलाही वाटली, खोटं कशाला बोलू!

मरळ घरी आली त्या संध्याकाळी सासूबाईंनी, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, मरळीचं काळीज तळून ताटात वाढलं आणि मला शिंपल्यांची ती विष साठवणारी ग्रंथीच आठवली. तळ्याच्या वरच्या अंगाला एक जण शिशासाठी जुन्या बॅटऱ्या फोडायचा. पावसाळ्यात तिथलं सगळं पाणी ओढ्यानं तळ्यातच यायचं. आता तळ्याचं डबकं झालेलं, आणि मरळ चिखलात राहणारी.

"आत्या, मी नाही खाणार."

"कावून? डोहाळे मोडू न्हाई बाई, लेकराचा कान फुटतो."

मी शिशाचं सांगितलं. आईच्या रक्तातून ते बाळाच्या मेंदूपर्यंत जातं, हे सांगताना रडायलाच लागले. वाटलं, शिकल्या सुनेचे नखरे म्हणतील. पण त्यांनी माझ्यापुढचं ताट बाजूला सारलं.

"आगं, मंग ती चटणी?"

"कोणती चटणी?"

"सुरवातीच्या महिन्यांत डाक्टर म्हणला, रगत कमी हाय. तवा तुला मासळीच्या वासानं मळमळायचं. म्हणून याच तळ्यातली वाळवून, कुटून, लसूण-मिरचीत दडवून रोज भाकरीसंगं दिली की गं तुला. चांगलं व्हावं म्हणूनच दिली."

मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले, काही होत नाही म्हणाले. तपासणी कुणी केलीच नाही.

मुलगी झाली. धडधाकट, बोलायला चुरुचुरु. आता शाळेत जाते. पण पाढा म्हणताना मध्येच अडखळली की मला ती चटणी आठवते. सगळीच पोरं अडखळतात, मला काय कळत नाही होय! तरी हातातलं काम टाकून मी आत्यांकडे बघते. त्या आधीपासूनच तिच्याकडे बघत असतात, तोंडाला पदर लावून.