वर्सोव्याची गरम वाळू

आम्ही अंधेरीला नुकतेच राहायला आलो होतो, तेव्हा रविवारी दुपारी मी टांग्याने वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जायची. तिथे एक म्हाताऱ्या बाई गरम वाळूत मांड्यांपर्यंत पाय पुरून बसलेल्या असत. डोक्यावर ओला पंचा, हातात पंखा आणि मधूनमधून "आई गं!" इंदूरच्या थंडीत गुडघे आखडले, म्हणून मुलाने त्यांना उबदार हवेसाठी इकडे त्यांच्या लेकीकडे पाठवलं होतं. लेक त्यांच्या पायांवर वाळू ओढायची आणि कोळीवाड्यात सुके बोंबील घ्यायला जायची.

एकदा ती तशी गेली आणि भरतीच्या लाटेने बाईंच्या चपला ओढल्या. बाई ताडकन उठल्या, लुगडं सावरत धावल्या आणि दोन्ही चपला घेऊन आल्या.

"अहो, गुडघे तर ठणठणीत आहेत तुमचे!" मी म्हटलं.

"हळू बोला, बाई! कधीच बरे झालेत. मानवली हो इथली हवा."

"मग हे कण्हणं कशाला?"

"दुखणं संपलं तर जावयाच्या घरी कुठल्या तोंडाने राहू? तिकडे सून दिवसभर बोलत नाही. इथे लेक ओरडते तरी!"

हवापालटाने माणूस सुधारतो, हे मला पटलं. त्यात हवेचा वाटा किती, ते डॉक्टरांनी ठरवावं.

लेक परतली तोवर बाई पुन्हा वाळूत होत्या.

"काय गं आई, आहे का काही उतार?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"गुडघ्यांचं दुखणं फार चिवट," मीच म्हटलं. "यंदाची थंडी संपेपर्यंत तरी यांना इंदूरला धाडू नका."